न केलेला फोन

फेब्रुवारी १९७८. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात आल्फ्रेड नावाचं एक लहानसं गाव आहे. गाव म्हणजे मुख्यतः तिथलं विद्यापीठच. तिथल्या ‘क्लॅन अल्पाइन’ या फ्रॅटर्निटीत दाखल व्हायला निघालेल्या तीन मुलांना एका रात्री मोटारीच्या डिकीत कोंडण्यात आलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सोबत बर्बन व्हिस्की, वाइन आणि बिअर दिलेली; डिकी उघडायच्या आत ती संपवायची, असा हुकूम. त्यांच्यातला चक स्टेंझेल हा वीस वर्षांचा मुलगा त्याच रात्री गेला. लाँग आयलंडवर राहणाऱ्या त्याच्या आईला, आयलीन स्टीव्हन्स यांना, फोनवर एवढंच सांगण्यात आलं की दारू जास्त झाली. डिकीची हकिकत त्यांना मागाहून कळली.

त्याच वर्षी जुलैत ‘ॲनिमल हाउस’ हा सिनेमा अमेरिकेत लागला. १९६२ सालचं एक काल्पनिक कॉलेज, त्यातली एक बदनाम फ्रॅटर्निटी, आणि डीनच्या नाकात दम आणणारी दारुडी, बेफिकीर, प्रेमळ पोरं. त्यात नव्या मुलाला ओणवं करून लाकडी फळीने झोडपण्याचा प्रसंग आहे. तो मुलगा प्रत्येक फटक्यानंतर आभार मानून पुढचा फटका मागतो आणि थिएटर हसतं. सुमारे ३० लाख डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने १४ कोटींच्या वर कमाई केली. कॉलेज म्हणजे धिंगाणा, ही कल्पना त्याने पुढच्या दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्की बसवली. तो पाहून कॉलेजला गेलेल्या मुलांनी फ्रॅटर्निटीच्या घरात केलेल्या दंग्याला कळत-नकळत त्याचाच साचा वापरला.

आल्फ्रेडची ती रात्र आणि हा सिनेमा यांचा आपसांत काही संबंध नव्हता. तरीही मला ही दोन्ही टोकं एकत्र धरावीशी वाटतात, कारण नव्या मुलांच्या या छळाकडे पाहण्याची सिनेमाची दृष्टी त्या एका वर्षात ठरून गेली. आधी त्याने या प्रथेला हसू दिलं. पुढे त्याला मेलेल्या मुलाच्या आई-बापाची आठवण झाली, तेव्हा त्याने त्यांच्या हाती सूड दिला. प्रत्यक्षातल्या आई-बापांनी जे केलं ते या दोन्हींहून फार वेगळं आणि फार अवघड होतं. ते पडद्यावर अजून नीट आलेलं नाही.

फ्रॅटर्निटी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेली ही विद्यार्थ्यांची बंधुमंडळं. त्यांची मुळं अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जातात. आजच्या स्वरूपातली मंडळं एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. त्यांची स्वतःची घरं असतात, राष्ट्रीय कार्यालयं असतात, माजी सदस्यांच्या देणग्या असतात. सिनेटर, न्यायाधीश, बँकर, राष्ट्राध्यक्ष या घरांतून बाहेर पडले आहेत, त्यामुळे आत शिरणं म्हणजे पुढच्या चाळीस वर्षांची ओळख कमावणं असतं. आत घेण्याआधी मुलगा काही आठवडे ‘प्लेज’, म्हणजे उमेदवार असतो. या आठवड्यांत त्याला छळायचं, नाचवायचं, पाजायचं, झोपू द्यायचं नाही. याला तिथे हेझिंग म्हणतात. आपल्या हॉस्टेलांतल्या रॅगिंगशी त्याचं नातं उघड आहे, पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे नवीन मुलगा हॉस्टेलमध्ये राहायला येतो आणि सापडतो. तिथे तो स्वतः अर्ज करून, निवड व्हावी म्हणून आसुसून जातो. कोर्टात बचाव पक्ष पुढे हाच मुद्दा उचलतो: त्याला कोणी बांधून नेलं होतं का?

हेझिंगवरचे सिनेमे कमी नाहीत. त्यांत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो तो अँड्र्यू नीलचा २०१६ मधला ‘गोट’. ब्रॅड लँड या लेखकाच्या आत्मकथनावर तो बेतलेला आहे. सुरुवातीलाच ब्रॅड दोन अनोळखी माणसांना गाडीतून सोडायला जातो आणि ते त्याला आडबाजूला नेऊन मरणाचं मारतात. मग तोच ब्रॅड भावाच्या मागोमाग फ्रॅटर्निटीत जातो आणि तिथे रात्रीमागून रात्री जवळपास तेच भोगतो, या वेळी ‘ब्रदर’ म्हणवणाऱ्यांच्या हातून. पहिल्या मारहाणीची पोलिसांत तक्रार होते, चौकशी होते, संशयितांची ओळख पटवायला त्याला बोलावतात. दुसरीला परंपरा म्हणतात. दिग्दर्शक यावर एक शब्दही भाष्य करत नाही. दोन मारहाणी शेजारी-शेजारी ठेवतो आणि प्रेक्षकाला त्यांच्यातला फरक शोधत बसवतो. २०१७ चा ‘बर्निंग सँड्स’ कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात घडतो. मार खाऊन उभं राहण्याच्या अभिमानाला तिथे गुलामगिरीच्या आठवणीची काळी किनार आहे. ‘द लाइन’मध्ये साध्या घरातला एक मुलगा श्रीमंतांच्या घोळक्यात टिकून राहण्यासाठी किती गोष्टींकडे डोळेझाक करतो, ते आहे.

फिलिपिन्समध्ये या विषयावर माइक दे लिऑनने १९८२ मध्येच ‘बॅच ८१’ केला. मार्कोसच्या राजवटीत, मार्शल लॉच्या छायेत. त्यात उमेदवाराला खुर्चीत बसवून विजेचे झटके दिले जातात आणि प्रश्न मार्शल लॉबद्दल विचारले जातात. हुकूमशाही वरून लादली जाते हे अर्धंच खरं, तरुण मुलं ती हौसेने शिकतात, असं तो सिनेमा म्हणतो. इतक्या धीटपणे हे कोणत्याही अमेरिकी सिनेमाने म्हटलेलं नाही. त्या देशात पुढेही मुलं मरत राहिली. १९९१ मध्ये मनिलातला कायद्याचा एक विद्यार्थी गेला आणि १९९५ मध्ये हेझिंगविरोधी कायदा आला. २०१७ मध्ये कायद्याचाच आणखी एक विद्यार्थी गेला, २०१८ मध्ये तो कायदा कडक झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा जणांना आजन्म स्वरूपाची शिक्षा झाली. भावी वकिलांनी भावी वकिलाला मारलं, हे वाक्य तिथल्या आई-बापांना सात वर्षं उराशी बाळगावं लागलं.

या सगळ्या सिनेमांत आई-बाप कुठे आहेत? जवळजवळ नाहीतच. ‘गोट’मध्ये ते घराच्या कडेला उभे आहेत. बाकी ठिकाणी ते फोनच्या पलीकडचा आवाज आहेत. सिनेमाचा कॅमेरा फ्रॅटर्निटीच्या घरात आत असतो आणि आई-बाप त्या घरात कधीच नसतात. त्यांना मध्यभागी आणायचं तर कथेचा प्रकार बदलावा लागतो. मग थरारपट येतो आणि पालक सूड घ्यायला निघतो.

याचा आपल्या प्रेक्षकाला ठाऊक असलेला नमुना हिंदीत आहे. आदित्य दत्तचा ‘टेबल नं. २१’, जानेवारी २०१३. एका तरुण जोडप्याला फिजीची सहल बक्षीस मिळते. तिथे परेश रावलने साकारलेला खान नावाचा गृहस्थ त्यांना २१ कोटींच्या बक्षिसाचा खेळ खेळायला लावतो: प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं आणि सांगितलेलं काम करायचं. प्रत्येक पायरीवर खेळ अधिक क्रूर होतो. शेवटी उलगडतं की या जोडप्याने कॉलेजात असताना एका मुलाचं रॅगिंग केलं होतं. तो मुलगा त्यातून मनाने कायमचा मोडला, आणि खान त्याचा बाप आहे. नावातला २१ हा आकडा घटनेच्या जगण्याच्या हक्काच्या कलमाकडे बोट दाखवतो. परेश रावल बहुतेक वेळ अत्यंत सभ्य, मृदू आवाजात बोलतात, आणि म्हणूनच शेवटी त्यांचा चेहरा जेव्हा कोसळतो तेव्हा आपल्या छातीत काहीतरी हलतं.

तो सिनेमा पाहून मी अस्वस्थ झालो, आणि नंतर त्याहून अस्वस्थ झालो ते त्याने दिलेल्या समाधानामुळे. गुन्हेगार दोन आहेत. ते देखणे आहेत, स्वार्थी आहेत आणि एका बेटावर बंद आहेत. बापाकडे अमाप पैसा आहे, माणसं आहेत, कॅमेरे आहेत. त्याला सगळं आधीच माहीत आहे. फक्त त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं आहे. खऱ्या बापाकडे यातलं काहीच नसतं. त्याला काय घडलं हे माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांनी आपसांत ठरवून तोंड मिटलेलं असतं. आणि गुन्हेगार दोन नसतात, वीस-पंचवीस असतात. एकाने पाजलेली असते, दुसऱ्याने पाहिलेलं असतं, तिसऱ्याने झोपायला जाताना दार ओढून घेतलेलं असतं.

कॅमेऱ्यांवरून टिमोथी पिआझाच्या रात्रीकडे यावंच लागतं. या विषयातली ही सगळ्यांत बारकाईने नोंदलेली रात्र आहे, कारण त्या घरात सीसीटीव्ही होता. पेन स्टेट विद्यापीठ, बीटा थीटा पाय फ्रॅटर्निटी, २ फेब्रुवारी २०१७. टिमोथी न्यू जर्सीचा, एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. हे घर कागदोपत्री दारूबंदीचं होतं. त्या रात्री नव्या मुलांना एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत पळवत, प्रत्येक ठिकाणी दारू ढोसायला लावण्याचा कार्यक्रम झाला. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार टिमोथीला ८२ मिनिटांत १८ पेग देण्यात आले. रात्री पावणेअकराच्या सुमाराला तो तळघराच्या जिन्यावरून खाली कोसळला.

इथून पुढे जे घडलं तेच या विषयाचं खरं काळीज आहे. त्याला उचलून वर आणून सोफ्यावर टाकलं. त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूला मोठा काळानिळा डाग दिसत होता. कोणी त्याच्या अंगावर बिअर ओतली, कोणी थपडा मारून जागं करायचा प्रयत्न केला. एका नव्या मुलाने ओरडून सांगितलं की याला मदत हवी आहे, ॲम्ब्युलन्स बोलवा. त्याला भिंतीवर ढकलून गप्प करण्यात आलं. झोपेत उलटी होऊन श्वास कोंडू नये, कूस वळू नये, म्हणून टिमोथीच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली. मग हळूहळू सगळे झोपायला गेले. पहाटे तो एकटा उठायचा प्रयत्न करत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. सकाळी दहाच्या सुमाराला तो तळघरात सापडला, थंड पडलेला. तेव्हाही त्याला वर आणून, पांघरूण घालून, कपडे नीट करण्यात बराच वेळ गेला. ९११ ला फोन लागला तो १० वाजून ४८ मिनिटांनी. पडल्यापासून बारा तास होत आले होते. त्या फोनवरही तो जिन्यावरून पडल्याचं सांगितलं गेलं नाही. प्लीहा फुटलेली, मेंदूला मार बसलेला. ४ फेब्रुवारीला तो गेला.

मी या रात्रीचा तपशील अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी एकाच गोष्टीने थांबतो: त्याच्या पाठीला सॅक बांधण्याची काळजी त्यांनी घेतली. म्हणजे धोका त्यांना कळत होता. हे बेफिकिरीने झालं असं म्हणून मोकळं होता येत नाही. मुलाच्या जिवाची भीती होती, पण घराचं काय होईल ही भीती तिच्याहून मोठी निघाली. फोन केला तर पोलीस येणार, विद्यापीठ येणार, राष्ट्रीय कार्यालय मान्यता काढून घेणार. एकाने तर डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यावं का, अशा अर्थाचा शोध इंटरनेटवर घेतला होता. शोध घेता आला, फोन करता आला नाही.

थरारपटाला गुपित लागतं आणि ते फोडणारा लागतो. या घरात गुपित नव्हतं. सगळ्यांसमोर, दिव्यांच्या उजेडात, कॅमेऱ्याखाली सगळं घडत होतं. पुढे काय होणार या प्रश्नापेक्षा कोण उठून फोन उचलणार हा प्रश्न तिथे श्वास रोखून धरायला लावतो. बारा तास त्याचं उत्तर मिळत नाही. कोणी दिग्दर्शक त्या बारा तासांना हात घालेल, तेव्हा त्याला सुडाचा प्रसंग लिहावाच लागणार नाही.

टिमोथीचे आई-वडील, एव्हलिन आणि जिम पिआझा, यांच्या वाट्याला हे चित्रीकरण आलं. मुलाच्या मृत्यूचं कारण आई-बापाला कधीच नीट कळत नाही अशी शेकडो प्रकरणं असताना, यांना मात्र जवळजवळ प्रत्येक तास कळला. तळघरातलं चित्रीकरण पुसलं गेलं होतं. एफबीआयने ते परत मिळवलं, आणि त्या आधारे नवे आरोप ठेवले गेले. खटला सात वर्षं चालला. मनुष्यवधाचे गंभीर आरोप एकामागोमाग गळत गेले. २०२४ मध्ये मंडळाच्या दोन माजी पदाधिकाऱ्यांनी हेझिंगचे आणि जिवाला धोका निर्माण केल्याचे आरोप कबूल केले आणि त्यांना दोन ते चार महिन्यांची कैद झाली.

दोन ते चार महिने. थरारपटाचा लेखक इथे पेन खाली ठेवून बापाच्या हाती बंदूक देईल. जिम आणि एव्हलिन राज्याच्या विधानमंडळात गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात टिमोथीच्या नावाचा कायदा झाला. हेझिंगमुळे मृत्यू वा गंभीर इजा झाली तर तो गंभीर गुन्हा ठरला, आणि तातडीने मदत मागून शेवटपर्यंत थांबणाऱ्याला संरक्षण मिळालं. म्हणजे ज्या भीतीने त्या रात्री फोन झाला नाही, नेमकी ती भीतीच कायद्याने काढून टाकली. २०२१ मध्ये न्यू जर्सीतही त्याच्या नावाने कायदा झाला. आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांची घरं त्या राज्यात आहेत, त्यांची मुलं त्याच शाळांतून त्याच कॉलेजांत जातात.

याहून मोठी गोष्ट पिआझा दांपत्याने २०१८ मध्ये केली. लुइझियाना स्टेट विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये गेलेल्या मॅक्स ग्रुव्हरचे पालक आणि आणखी काही शोकग्रस्त घरं बरोबर घेऊन ते फ्रॅटर्निटींच्या राष्ट्रीय महासंघाबरोबर एका आघाडीत सामील झाले. ज्या व्यवस्थेत मुलगा गेला, तिच्याच प्रतिनिधींच्या शेजारी बसायचं, आणि मग देशभर फिरून शेकडो फ्रॅटर्निटी-मुलांसमोर उभं राहून आपल्या मुलाची शेवटची रात्र सांगायची. समोर बसलेल्यांपैकी कोणी ना कोणी पुढच्या महिन्यात तसंच घर चालवणार आहे, हे ठाऊक असताना सांगायची. मॅक्सला फ्रॅटर्निटीच्या इतिहासाचे प्रश्न विचारून, उत्तर चुकलं की दारू प्यायला लावली होती. रक्तातलं प्रमाण ०.४९५ भरलं, म्हणजे गाडी चालवण्याच्या कायदेशीर मर्यादेच्या सहापट. त्याच्या आई-वडिलांच्या आग्रहाने लुइझियानातही कायदा कडक झाला.

ही वाट पाडली आयलीन स्टीव्हन्स यांनी. चक गेला त्याच वर्षी त्यांनी एक समिती काढली आणि तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं अशी जुळवली की ‘चक’ असंच वाचलं जावं. ना पद, ना पैसा, ना कायद्याचं शिक्षण. पत्रं लिहिली, आमदारांची दारं ठोठावली, आणि फ्रॅटर्निटींनी बोलावलं तेव्हा त्यांच्या अधिवेशनांतही जाऊन बोलल्या. त्यांनी सुरुवात केली तेव्हा अशा कायद्याची राज्यं मोजकीच होती. आज ती ४४ आहेत. हँक न्यूअर या पत्रकाराने त्यांच्यावर ‘ब्रोकन प्लेजेस’ हे पुस्तक १९९० मध्ये लिहिलं. अमेरिकेत १९५९ पासून २०२१ पर्यंत एकही वर्ष हेझिंगच्या मृत्यूविना गेलं नाही, ही नोंद त्याच न्यूअरची. १९९४ मध्ये त्या पुस्तकावर टीव्हीसाठी सिनेमा झाला. ‘डॅलस’ मालिकेतल्या लिंडा ग्रे यांनी आयलीनची भूमिका केली. दुःखी आईला खलनायकाच्या मागे न धावता कागदांच्या मागे धावताना दाखवणारा असा सिनेमा दुर्मीळच. तो टीव्हीपुरता राहिला, ‘ॲनिमल हाउस’ मात्र आजही अभिजात म्हणून दाखवला जातो.

मुलं हे सहन का करतात, याचं एक उत्तर १९५९ पासून मानसशास्त्रात आहे. इलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी स्टॅनफर्डच्या ६३ विद्यार्थिनींवर प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काहींना सगळ्यांत लाजिरवाण्या परीक्षेतून जावं लागलं, काहींना सौम्य परीक्षेतून, काहींना कसल्याच नाही. नंतर सगळ्यांना तीच चर्चा ऐकवली, आणि ती मुद्दाम कंटाळवाणी केलेली होती. सर्वांत जास्त सोसलेल्या मुलींना ती सर्वांत रंजक वाटली. इतकं भोगून जे मिळालं ते फालतू होतं, हे माणूस स्वतःशी कबूल करत नाही. पुढच्या वर्षी तोच मुलगा नव्या मुलाला पेला देतो, तेव्हा तो दुष्टपणा करत नसतो. आपण भोगलेल्याला अर्थ होता, हे तो स्वतःला पटवत असतो. २००८ मध्ये मेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ संस्थांतल्या ११,४८२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. कॉलेजातल्या मंडळांत वा संघांत असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांनी हेझिंगमध्ये मोडणारं काहीतरी भोगलं होतं. पण असं भोगलेल्या दहांपैकी नऊ जण आपलं हेझिंग झालं असं मानायलाच तयार नव्हते.

भारतीय वंशाच्या मुलांना हे परकं राहिलेलं नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सस, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया इथल्या विद्यापीठांत दक्षिण आशियाई मुलांनी आपल्या फ्रॅटर्निटी काढल्या. गोऱ्यांच्या घरात जागा नाही तर आपलं घर उभारू, अशी त्यामागे साधी तळमळ होती. त्या तळमळीची किंमत २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका आशियाई फ्रॅटर्निटीत दिसली. एका चिनी वंशाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात नेऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून, पाठीवर ओझं देऊन, अंधारात एकामागून एकाने धावत येऊन पाडलं. स्थलांतरितांना या देशात काय सोसावं लागतं ते नव्या मुलाला कळावं, हा त्या विधीचा सांगितलेला हेतू होता. इथेही दवाखान्यात न्यायला उशीर झाला. २०१७ मध्ये ज्युरीने त्या राष्ट्रीय संघटनेलाच दोषी ठरवलं आणि पुढे तिला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षं बंदी झाली. आई-वडिलांनी परक्या देशात रक्त आटवून मुलाला शिकायला पाठवलं. मुलगा आपलेपणाच्या शोधात तिथल्या लोकांची सगळ्यांत वाईट रीत उचलून बसला. दूरदेशी गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट वाचायला हवी असं मला वाटतं.

आपल्याकडेही हसू आणि मरण एकाच वर्षात आलं. मार्च २००९ मध्ये हिमाचलातल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनिअरांच्या मारहाणीनंतर गेला. डिसेंबरमध्ये ‘थ्री इडियट्स’ आला. त्यातली रॅगिंगची रात्र, चड्ड्यांवर उभी केलेली मुलं आणि नायकाची चलाख युक्ती यांवर सारा देश हसला, मीही हसलो. अमनचे वडील राजेंद्र काचरू त्या वर्षभर दिल्लीत फायलींमागे होते. रॅगिंगवरच्या राघवन समितीच्या शिफारशी २००७ पासून होत्याच. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि देशव्यापी हेल्पलाइन सुरू झाली: १८००-१८०-५५२२. तिथे तक्रार करणाऱ्याला नाव सांगावंच लागत नाही. त्याआधी १९९६ मध्ये तमिळनाडूत मद्रास विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंचाच मुलगा मेडिकल कॉलेजात मारला गेला होता, आणि त्यानंतर देशातले पहिले रॅगिंगविरोधी कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरल्यास कॉलेजातून काढून पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही.

तो कायदा असतानाच मे २०१९ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाच्या हॉस्टेलमध्ये डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातली, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. तीन सीनिअर डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. तिची आई आबेदा तडवी त्याच वर्षी दिवंगत विद्यार्थी रोहित वेमुला याची आई राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेली, कॉलेजांतल्या जातीय भेदभावाविरुद्ध. मुलीचं प्रकरण सुटं लढवता आलं असतं. त्यांनी ते सगळ्यांच्या मुलांचं केलं.

या सगळ्या आई-बापांत मला एक धागा दिसतो. त्यांनी शिक्षा मागितली, ती मागायलाच हवी होती. पण त्यांची जिद्द शिक्षेवर संपली नाही. त्यांना उजेड हवा होता. पेनसिल्व्हेनियातच १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहात खून झाला, तेव्हा तिच्या आई-वडिलांनी हेच मागितलं आणि १९९० मध्ये कॉलेजांना आवारातले गुन्हे जाहीर करणं बंधनकारक झालं. त्याच कायद्यात हेझिंगची भर घालणारा केंद्रीय कायदा २३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत संमत झाला. आता कॉलेजांना हेझिंगच्या घटना मोजाव्या लागतात, आणि कोणत्या संघटनेवर कशाबद्दल कारवाई झाली याचा अहवाल स्वतःच्या संकेतस्थळावर लावावा लागतो. मुलाला तिकडे धाडणाऱ्या घरांनी रँकिंग पाहण्याआधी हा अहवाल उघडावा.

आणखी एक पालक आहे ज्याच्याकडे सिनेमाने कधीच पाहिलं नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर दिवाणी दावे होतात, तेव्हा फ्रॅटर्निटीची विमा कंपनी हेझिंग आमच्या कक्षेत बसत नाही म्हणून अनेकदा हात वर करते, आणि भरपाईचा ओघ त्या रात्री घरात असलेल्या मुलांच्या आई-वडिलांच्या घरविम्याकडे वळतो. मुलगा कुठल्या मंडळात आहे, हे ज्यांना ख्रिसमसच्या फोटोंवरून ठाऊक होतं, त्यांच्या दारात वकिलाची नोटीस येते. आपला मुलगा गेला ही एक वेदना. आपल्या मुलाने दार ओढून घेतलं आणि झोपी गेला, ही दुसरी. तिच्याबद्दल कोणाशी बोलताही येत नाही. थरारपटात पालक नेहमी पहिलाच असतो, कारण प्रेक्षकालाही तोच व्हायचं असतं.

आपल्या नियमांनी मात्र या दुसऱ्या पालकाचा विचार केला आहे. २००९ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या वेळी आणि पुढे दर शैक्षणिक वर्षी विद्यार्थ्याने आणि वेगळं पालकाने, अशी दोन प्रतिज्ञापत्रं द्यायची असतात. बहुतेक घरांत पालकाची सही शुल्काच्या पावत्या आणि मार्कलिस्टच्या गठ्ठ्यात न वाचताच उरकली जाते. ती वाचून करावी. आपल्या पाल्याचं कोणी रॅगिंग करेल का, याबद्दल पालकाकडून त्यात काही मागितलेलं नाही. माझा पाल्य रॅगिंग करणार नाही, त्याला साथ देणार नाही, कृतीने वा मौनाने त्याला हातभार लावणार नाही, आणि तसं आढळलं तर होणारी शिक्षा मला माहीत आहे, असं आई किंवा बाप त्या कागदावर लिहून देत असतो.